काष्ठौषधींचे मॅक्रो छायाचित्रण : प्रारंभिक पाठ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, वनौषधींना नावाने व रूपाने जाणणारे लोक म्हणजे रानात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी होत. तथापि केवळ नाम आणि रूप जाणल्याने औषधीचे संपूर्ण ज्ञान होत नाही. विद्यार्थिदशेपासून आपण हे ऐकत आलो आहोत. यातील उत्तरार्धावर, म्हणजे औषधीच्या योजनेवर, आपण सर्वांनी स्वाभाविकपणेच अधिक भर दिला. परंतु आजची वस्तुस्थिती अशी आहे की, गुराख्याजवळ असलेले ते नाम-रूपाचे ज्ञानही आपल्यापैकी अनेकांजवळ उरलेले नाही. वनस्पती गोळा करणारा आणि वैद्य यांच्यामध्ये आता दलाल, घाऊक व्यापारी व किरकोळ विक्रेता अशी साखळी उभी आहे. आपल्यापर्यंत पोहोचते ते शिवलेले पोते आणि त्यावर लिहिलेले नाव. रूप पाहावयाचे राहूनच जाते.

हे रूप पाहण्याचे, दुसऱ्यास दाखविण्याचे आणि जपून ठेवण्याचे एक अल्पखर्ची साधन म्हणजे मॅक्रो छायाचित्रण होय. फुलपाखरांची व दवबिंदूंची मनोहर चित्रे काढण्याचा छंद म्हणून ही कला सर्वांस परिचित आहे. प्रस्तुत लेखात मात्र तिचा विचार आम्ही द्रव्यपरीक्षणाचे साधन म्हणून केला आहे. ज्यांनी आजवर कॅमेरा केवळ घरगुती समारंभात हाताळला आहे, त्यांनाही हा पाठ वाचून दुसऱ्या दिवशी आपल्या औषधालयात आरंभ करता यावा, असा आमचा प्रयत्न आहे.

आमचा अनुभव

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे, तर एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी कृमिघ्न चूर्णासाठी आम्ही वावडिंग मागविले. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल शिल्लक नसल्याने ते दुसऱ्या ठिकाणाहून घेतले. पोते उघडताच आमचे सहायक म्हणाले, "डॉक्टर, हा माल मागच्यासारखा दिसत नाही." आम्हांसही तसेच वाटले. नवा माल बनावट असावा, असा आमचा समज झाला व तो परत करण्याचे आम्ही ठरविले. व्यापाऱ्याने विचारले, "मागचा माल कसा होता ते दाखवा." दाखवावयास काहीच नव्हते. मागील मालाचे संपूर्ण चूर्ण झाले होते आणि नमुना ठेवण्याची शिस्त आम्हांस नव्हती. मोबाईलमध्ये एक छायाचित्र सापडले. त्यात उघडे पोते होते आणि पोत्यात हजारो काळे ठिपके होते. त्या ठिपक्यांवरून काहीच सांगता येत नव्हते.

पुढे चाळणीच्या कडेत अडकलेली जुन्या मालाची सात-आठ फळे मिळाली. नवी व जुनी फळे शेजारी ठेवून भिंगातून पाहिली, तेव्हा नवा माल योग्य असल्याचे दिसून आले. ज्याचे चूर्ण आम्ही कित्येक महिने रुग्णांना देत होतो, तो जुना मालच वेगळ्या जातीचा होता. ती जात विषारी नव्हती, कोणास अपायही झाला नाही. परंतु लेबलवर एक नाव आणि डबीत दुसरे द्रव्य, ही गोष्ट वैद्य म्हणून आम्हांस बोचली. रुग्णास गुण का आला नाही, याचा विचार करताना आम्ही मात्रा बदलली होती, अनुपान बदलले होते, पथ्य कडक केले होते. द्रव्याकडे मात्र पुन्हा पाहिले नव्हते.

मॅक्रो म्हणजे काय

कॅमेऱ्यात जेथे प्रतिमा उमटते त्या पटलास सेन्सर म्हणतात. वस्तूची प्रतिमा सेन्सरवर वस्तूच्या प्रत्यक्ष आकाराएवढी उमटली, तर त्या प्रमाणास १:१ असे म्हणतात; हेच खरे मॅक्रो प्रमाण मानले जाते. प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची असेल तर प्रमाण १:२ होते. सूक्ष्मदर्शकाचे क्षेत्र याच्या पलीकडे सुरू होते. पेशी, तंतू, पिष्टकण पाहण्यास सूक्ष्मदर्शकच हवा. मॅक्रो छायाचित्रणाचे क्षेत्र भिंगाचे आहे : बीजावरील रेषा, फळाच्या टोकाशी राहिलेला कुक्षीचा अवशेष, देठाजवळची निदलपुंजाची दले, सालीच्या भंगाचे स्वरूप इत्यादी.

मोबाईलच्या बाबतीत १:१ ही भाषा फारशी उपयोगी पडत नाही, कारण त्याचा सेन्सर अतिशय लहान असतो. त्याऐवजी आम्ही एक सोपी कसोटी वापरतो. स्टीलची मोजपट्टी ठेवून जितक्या जवळून स्पष्ट चित्र येईल तितक्या जवळून ते घ्यावे. चित्राच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजावे. चित्राची रुंदी जितक्या पिक्सेलची असेल त्या संख्येस या मिलिमीटरांनी भागावे. उदाहरणार्थ, ४००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात ४० मिलिमीटर मावले, तर प्रत्येक मिलिमीटरला १०० पिक्सेल मिळाले. वावडिंगाचे ३ मिलिमीटरचे फळ अशा चित्रात ३०० पिक्सेल व्यापते आणि त्याचा पृष्ठभाग वाचता येतो. लहान बीजांसाठी मिलिमीटरला किमान १०० पिक्सेल, ही मर्यादा आम्ही व्यवहारात पाळतो. पोत्याच्या त्या जुन्या छायाचित्रात एका मिलिमीटरच्या वाट्यास पाच-सहा पिक्सेलही आले नव्हते.

साधने

पहिला मार्ग मोबाईलचा. आजच्या अनेक मोबाईलमध्ये मॅक्रोची सोय असते. तथापि काही स्वस्त मोबाईलमध्ये त्यासाठी अवघ्या २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा दिलेला असतो. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यापुढे चिमट्याने बसणारे मॅक्रो भिंग लावल्यास चित्र पुष्कळच चांगले येते. असे भिंग नसेल तर घड्याळजीचे १० पट भिंग मोबाईलच्या भिंगास अगदी लागून धरूनही काम भागते. बोटांनी चित्र मोठे करणे, म्हणजे डिजिटल झूम, हा मॅक्रो नव्हे. त्याने चित्र मोठे होते, तपशील वाढत नाही.

दुसरा मार्ग भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा. पुष्कळ घरांत असा कॅमेरा कपाटात पडून असतो. नेहमीचे ५० मिलिमीटरचे भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब नावाची पोकळ नळी बसविली की ते भिंग वस्तूच्या अधिक जवळ नेता येते. नळीच्या लांबीस भिंगाच्या नाभीय अंतराने भागले असता प्रमाणात किती वाढ होईल ते कळते : २५ मिलिमीटरची नळी व ५० मिलिमीटरचे भिंग यांनी अर्ध्या प्रमाणाएवढी वाढ मिळते. नळीत काच नसल्यामुळे ती स्वस्त असते. रिव्हर्स रिंग वापरून भिंग उलटे बसविणे हा याहूनही कमी खर्चाचा उपाय आहे.

तिसरा मार्ग खास मॅक्रो भिंगाचा. ९० ते १०५ मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगे आमच्या कामास सर्वांत सोयीची वाटतात, कारण १:१ प्रमाणातही भिंग आणि वस्तू यांच्यात वीतभर नव्हे तरी चार-पाच इंच जागा राहते व तेथून प्रकाश आत सोडता येतो. परंतु आरंभीच हा खर्च करू नये. पहिले सहा महिने मोबाईलवर हात बसवावा, हीच आमची सूचना आहे.

सुस्पष्टतेची खोली

नवशिक्याची निराशा होते ती याच ठिकाणी. जवळून चित्र घेतले असता वस्तूचा एक पातळ थरच स्पष्ट येतो, पुढचा व मागचा भाग अस्पष्ट राहतो. मध्यम आकाराच्या सेन्सरवर, एफ/८ छिद्र ठेवून १:१ प्रमाणात घेतलेल्या चित्रात हा स्पष्ट थर सुमारे ०.६ मिलिमीटर इतकाच जाड असतो. ३ मिलिमीटरच्या गोल फळाचा केवळ माथा स्पष्ट येईल, हे उघड आहे. तेच चित्र १:२ प्रमाणात घेतले तर थराची जाडी सुमारे १.९ मिलिमीटर होते. म्हणजे फळाचा आपल्याकडील अर्धगोल संपूर्णपणे स्पष्ट येतो. म्हणून प्रारंभी थोडे दूर राहून चित्र घ्यावे व नंतर कापून मोठे करावे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर १:२ प्रमाणातही मिलिमीटरला सुमारे १२५ पिक्सेल मिळतात आणि वर सांगितलेली मर्यादा पाळली जाते.

छिद्र एफ/२२ पर्यंत लहान केले तर स्पष्ट थर जाड होतो, मात्र प्रकाशाच्या विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच मवाळ होते. जवळून घेतलेल्या चित्रात हा दोष अधिक जाणवतो. म्हणून एफ/८ ते एफ/११ या मर्यादेत राहणे इष्ट. अधिक खोली हवी असल्यास कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवीत आठ-दहा चित्रे घ्यावीत व संगणकावर त्यांतील स्पष्ट भाग एकत्र करावेत. यास फोकस स्टॅकिंग म्हणतात. हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर यांसारख्या संगणकप्रणाली त्यासाठी उपलब्ध आहेत. नित्याच्या नोंदींसाठी आम्हांस याची क्वचितच गरज पडली.

प्रकाश, पार्श्वभूमी व स्थैर्य

कॅमेऱ्यातील फ्लॅश बंद ठेवावा. समोरून पडणारा प्रकाश उंचसखलपणा पुसून टाकतो. खिडकीजवळ, परंतु थेट ऊन येणार नाही अशा जागी टेबल मांडावे व प्रकाशाच्या वाटेत ट्रेसिंग पेपर लावावा. विरुद्ध बाजूस पांढऱ्या थर्मोकोलचा तुकडा उभा करावा, म्हणजे सावलीतील भाग काळा राहत नाही. असे चित्र रंगासाठी उत्तम. त्यानंतर थर्मोकोल काढून एका बाजूने अगदी तिरपा प्रकाश द्यावा व दुसरे चित्र घ्यावे. या चित्रात प्रत्येक रेषेची व सुरकुतीची सावली पडते आणि पृष्ठभागाचा पोत उठून दिसतो. एकाच द्रव्याची ही दोन चित्रे एकमेकांस पूरक असतात.

पार्श्वभूमी मध्यम राखाडी असावी. पांढऱ्या कागदावर काळी बीजे ठेवली तर कॅमेरा कागदाच्या उजेडाने फसतो आणि बीजे अधिकच काळी येतात. काळ्या कापडावर याच्या उलट घडते. पांढरा कागद अपरिहार्य असेल तर एक्स्पोजर एका पायरीने वाढवावे. ट्यूबलाईट व खिडकीचा उजेड यांची सरमिसळ करू नये, अन्यथा रंग विश्वसनीय राहत नाही.

हात कितीही स्थिर असला तरी मॅक्रोमध्ये तो हलतोच. कॅमेऱ्यास तिपाई असावी. मोबाईलसाठी सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या दोन चळती करून त्यांवर मोबाईल आडवा ठेवावा, भिंग मधल्या फटीवर येऊ द्यावे व खाली द्रव्य मांडावे. बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. पंखा बंद करण्यास विसरू नये; केशराचा तंतू त्याच्या वाऱ्यानेही हलतो.

प्रत्येक चित्रात मोजपट्टी असलीच पाहिजे. ती द्रव्याच्या मध्यभागाच्या उंचीवर असावी, खाली टेबलावर नव्हे; कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते आणि माप चुकते. मापाविना घेतलेले मॅक्रो चित्र दिसावयास सुंदर असले तरी द्रव्यपरीक्षणास निरुपयोगी होय.

पहिला अभ्यास : विडंग

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. विडंगाचे शास्त्रोक्त मूळ म्हणून आयुर्वेदिक फार्माकोपियात एम्बेलिया राइब्स ही जात स्वीकारली आहे. बाजारात वावडिंग या नावाने एम्बेलिया त्स्जेरियम-कॉटम या जातीची फळेही येतात. ओंजळीत घेतल्यास दोन्ही गोल, लहान व तपकिरी-काळी दिसतात.

प्रत्येक द्रव्याची चार चित्रे घ्यावीत, असा आमचा परिपाठ आहे. पहिल्या चित्रात वीस फळे मोजपट्टीसह मांडावीत. यावरून आकारमानातील फरक व भेसळ लक्षात येते. राइब्सची फळे २ ते ४ मिलिमीटर व्यासाची असतात. दुसऱ्या चित्रात एकच फळ आडवे ठेवून तिरप्या प्रकाशात त्याचा पृष्ठभाग टिपावा. राइब्सचा पृष्ठभाग बारीक उंचवट्यांचा, चामखिळीसारखा दिसतो. दुसऱ्या जातीच्या फळावर देठापासून टोकापर्यंत उभ्या रेषा असतात. आमच्या चाळणीत अडकलेल्या फळांवर याच रेषा होत्या. तिसऱ्या चित्रात फळाची दोन्ही टोके घ्यावीत. वरच्या टोकास चोचीसारखा अवशेष, तर खाली बारीक देठ व टिकून राहिलेली निदलपुंजाची तीन किंवा पाच दले दिसतात. चौथे चित्र आतील बीजाचे. ठिसूळ कवच नखाने फोडून वरचा पातळ पापुद्रा काढावा. आत लालसर बीज आणि त्यावर फिकट पिवळसर ठिपके आढळतात.

विडंगाचा चित्रतण्डुला हा पर्याय आपण पाठ केला होता, तो यासाठीच. ज्यांनी हे नाव योजले त्यांनी ३ मिलिमीटरचे फळ फोडून, त्याच्या आतील बीज डोळ्यांजवळ धरून पाहिले होते. संगणकाच्या पडद्यावर ते ठिपकेदार बीज आम्ही प्रथम पाहिले, तेव्हा वीस वर्षे केवळ उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ आम्हांस समजला.

दुसरा अभ्यास : मोहरी

मोहरीत पिवळ्या धोत्र्याच्या, म्हणजे आर्जिमोन मेक्सिकानाच्या, बियांची सरमिसळ होणे ही केवळ दर्जाची बाब नाही. त्या बियांच्या तेलातील सँग्विनॅरिन या अल्कलॉइडमुळे एपिडेमिक ड्रॉप्सी हा सार्वदेहिक शोथाचा विकार होतो. १९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे या रोगाची मोठी साथ पसरली व अनेकांचे प्राण गेले. सर्षप व सर्षपतैल आपल्या औषधालयात नित्य वापरले जातात, हे ध्यानात घ्यावे.

दोन्ही बिया आकाराने सुमारे सारख्या व गडद रंगाच्या असतात. मोहरीचा दाणा गोल व नुसत्या डोळ्यांस गुळगुळीत दिसतो. भिंगाखाली त्यावर अगदी फिकी जाळी आढळते. पिवळ्या धोत्र्याचे बीज खरखरीत असते, त्यावरील जाळी ठळक व उठावाची असते आणि एका बाजूस त्यास किंचित टोक असते. चौथ्या चित्रासाठी दाणे दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून फोडावेत : मोहरी आतून पिवळी निघते, पिवळ्या धोत्र्याचे बीज पांढरे निघते. येथे एका दाण्याचे चित्र पुरेसे नाही. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळाच्या भागातून मूठ-मूठ माल घेऊन एकत्र करावा, त्याचा ढीग करून चार भाग पाडावेत, समोरासमोरील दोन भाग ठेवून उरलेले बाजूस सारावेत आणि असे दोन-तीन वेळा करून उरलेला नमुना एका थरात पसरून त्याचे चित्र घ्यावे. तेलाची शंका असल्यास नायट्रिक आम्लाची परीक्षा प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी.

तिसरा अभ्यास : केशर

केशर म्हणजे क्रोकस सॅटायव्हस या वनस्पतीच्या फुलातील कुक्षी. त्यात करडईच्या फुलांची भेसळ फार पूर्वीपासून होत आली आहे. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडील वाचकांनी करडईचे फूल शेतात पाहिलेले असेलच. तेच सुकवून तंतुरूपाने केशरात मिसळले असता ओळखणे अवघड जाते.

आठ-दहा तंतू काचेच्या बशीत कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवावेत व ते फुगून उलगडल्यावर चित्र घ्यावे. केशराचा तंतू वरच्या टोकाकडे रुंद होत जातो व तुतारीच्या मुखासारखा उघडतो. त्या मुखाची कडा दातेरी असते. करडईचे पुष्पक बारीक नळीसारखे असून त्याच्या टोकास पाच अरुंद पाकळ्या फुटलेल्या दिसतात. नळीतून पुंकेसरांचा पिवळसर भागही पुष्कळदा डोकावतो. दोन चित्रे शेजारी ठेवली की नवख्या सहायकासही फरक सांगता येतो. पाण्याकडेही लक्ष द्यावे. अस्सल केशर पाण्यास हळूहळू पिवळा रंग देते आणि तंतू लालच राहतो. रंगविलेला तंतू थोड्याच वेळात फिका पडतो. आरंभी, पाच मिनिटांनी व अर्ध्या तासाने अशी तीन चित्रे घेतल्यास हा बदल नोंदीत राहतो.

नोंद कशी ठेवावी

चित्र घेणे हे अर्धेच काम. चित्राच्या फायलीस द्रव्याचे नाव, आवक दिनांक व बॅच क्रमांक द्यावा. एका कागदाच्या चिठ्ठीवर हीच माहिती लिहून ती पहिल्या चित्रातच ठेवावी, म्हणजे फाईलचे नाव बदलले तरी माहिती पुसली जात नाही. मूळ चित्रात फेरफार करू नये. कापणे, उजळ करणे इत्यादी सर्व प्रतीवर करावे. आजचे काही मोबाईल चित्र आपोआप 'सुधारतात' आणि मुळात नसलेला पोतही त्यात भरतात. अशी सोय बंद करता येत असेल तर बंद ठेवावी. व्यापाऱ्यास किंवा तज्ज्ञास व्हॉट्सॲपवर चित्र पाठविताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, अन्यथा त्यातील तपशील कमी होतो.

औषध निर्मात्यांना 'शेड्यूल टी'नुसार कच्च्या मालाच्या नोंदी ठेवाव्या लागतातच. छायाचित्रे ही त्या नोंदींना पूरक आहेत, पर्याय नव्हेत. नमुन्याची सीलबंद बाटलीही ठेवावीच. चित्र आणि बाटली एकमेकांची साक्ष देतात.

मर्यादा

या साधनाच्या मर्यादा स्पष्टपणे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. रूप हा द्रव्यपरीक्षणाचा एक भाग आहे. गंध, रस व स्पर्श चित्रात येत नाहीत. अतिविषेचे उदाहरण घ्यावे. तिचे मूळ मोडल्यास भंग पांढरा, पिठूळ दिसतो आणि मध्याकडे वर्तुळाकार मांडलेले ४ ते ७ गडद तपकिरी ठिपके आढळतात. मॅक्रो चित्रात हे ठिपके उत्तम टिपता येतात. परंतु अतिविषेची चव कडू असून जिभेस झिणझिण्या येत नाहीत, हे तिचे महत्त्वाचे लक्षण चित्र सांगू शकत नाही. बालरोगांत आपण हे द्रव्य वापरतो आणि वत्सनाभ हा त्याच कुलातील जवळचा आप्त आहे. म्हणून चित्राने शंका उत्पन्न झाली तर माल बाजूस ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवावा. संशयित तुकडा चाखून पाहण्याचे धाडस करू नये.

तयार चूर्णाचे मॅक्रो चित्र जवळजवळ निरर्थक असते. अशोकाची साल व बागेतील उंच सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल यांत केवळ बाह्य रूपावरून निर्णय देणे योग्य नव्हे. तेथे सूक्ष्मदर्शकीय परीक्षा हवी. शिवाय आपल्या संग्रहातील पहिले, तुलनेचे चित्रच चुकीच्या द्रव्याचे असेल तर पुढील सर्व निर्णय चुकतील. यासाठी पहिला नमुना द्रव्यगुण विभागातील अध्यापकांकडून वा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा व मगच त्याचे चित्र प्रमाण मानावे.

समारोप

वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयाच्या चालकांनी प्रथम आपल्याकडे सर्वाधिक खपणारी दहा द्रव्ये निवडावीत व प्रत्येकाची चार चित्रे घ्यावीत. ही चाळीस चित्रे दोन रविवारांच्या दुपारी सहज पूर्ण होतात. पुढे प्रत्येक नवीन पोते आले की एक मूठ माल खिडकीपाशी न्यावा, जुने चित्र पडद्यावर ठेवावे व दोन्ही शेजारी पाहावीत. यास दहा मिनिटे लागतात.

आमच्या औषधालयात आता वावडिंगाच्या चार बॅचची चित्रे आहेत. मागील मालाच्या वेळी आमचे सहायक पोते उघडून आमच्याकडे आले नाहीत. त्यांनी आधी एक फळ फोडून, ते मोबाईलखाली ठेवून पाहिले आणि मग सांगितले, "ठिपके आहेत डॉक्टर, उतरवून घेतो." वनस्पती रूपाने ओळखणाऱ्यांचा जो उल्लेख चरकसंहितेत आला आहे, त्यांच्या पंक्तीत आमच्या औषधालयातील एकजण तरी बसला, याचे आम्हांस समाधान वाटते. त्या ओळखीच्या पुढील योजनेचे दायित्व आपणा वैद्यांचे आहेच.